चुकीच्या पासवर्डनेच दार उघडलं

महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीचा सर्व्हर माझ्याकडे सांभाळायला आला, तेव्हा आधी लॉगिनचा लॉग, म्हणजे कोणी कधी शिरायचा प्रयत्न केला याची नोंद, उघडली. 'रूट', पासवर्ड चुकीचा. 'रूट', पासवर्ड चुकीचा. रात्रभर तेच. रूट म्हणजे सर्व्हरवरचं सगळे अधिकार असलेलं खातं. दर वेळी वेगळा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, कडी वाजवणारा प्रोग्रॅम बहुधा एकच.

मालक म्हणाले, "पासवर्ड सोळा अक्षरी आहे हो, कोण ओळखणार?"

ओळखण्यापुरतं त्यांचं बरोबर होतं. सहा आकडी पासवर्डच्या शक्यता १० लाख. कुणी अडवलं नाही आणि सेकंदाला १०० प्रयत्न झाले, तर तीन तासांच्या आत सगळ्या संपतात. वाटेल तशी निवडलेली इंग्रजी सोळा लहान अक्षरं असतील, तर त्याच वेगाने विश्वाच्या वयाच्या हजारपट काळ लागेल. पण ओळखायची गरजच पडली नाही तर?

त्या सर्व्हरवर वेबमिन होतं. जेमी कॅमेरॉन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेलं हे साधन. ब्राउझरमधून लिनक्स सर्व्हरचा सगळा कारभार करता येतो. ते सहसा १०००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर, रूटच्या अधिकाराने चालतं. रात्रभर कडी वाजत होती ते त्याचं लॉगिनचं पान म्हणजेही एक प्रोग्रॅमच. समोर कोण आहे हे कळायच्या आधी त्याला अनोळखी माणसाने टाइप केलेलं वाचावं लागतं. खरा धोका मला तिथे दिसतो.

एप्रिल २०१८ मध्ये वेबमिन जिथे तयार होतं, त्या सर्व्हरमध्येच कुणीतरी शिरलं आणि पासवर्ड बदलण्याच्या फाइलमध्ये फेरफार केला. फाइल शेवटची कधी बदलली ती वेळही मागे नेली, म्हणून बदल नजरेत आला नाही. पुढच्या १.९०० ते १.९२० या आवृत्त्यांत तर कमालच होती. मुदत संपलेला पासवर्ड बदलण्याची सोय चालू असेल, तर 'जुना पासवर्ड' या चौकटीत चुकीचं काही लिहायचं. 'पासवर्ड चुकला' हा संदेश तयार करताना वेबमिन तोच मजकूर आज्ञा म्हणून चालवत असे, तोही रूटच्या हाताने! आधीच्या १.८९० मध्ये तर ती सोय चालू असायचीही गरज नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये हे उघड झालं आणि १.९३० मध्ये दुरुस्त झालं. इथे सोळा अक्षरी पासवर्ड काय करणार? ओटीपीसुद्धा नाही, कारण ओटीपी विचारण्याची पाळी येण्याआधीच काम झालेलं असे.

म्हणून मी मालकांना पासवर्डबद्दल काहीच बोललो नाही. आवृत्ती पाहिली, अपडेट केलं आणि फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरची ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेत, १०००० पोर्ट बाहेरच्यांसाठी बंद केलं. आता आधी कंपनीच्या व्हीपीएनमध्ये, म्हणजे खासगी जाळ्यात, शिरायचं, मगच ते पान दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना लॉग दाखवला. रात्रीची एकच ओळ होती, माझ्या लॉगिनची.