सिलिंडरच्या मानेतले आटे: तपासणीत नेमके काय पाहतात आणि का

दर उन्हाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरू लागतो. घरगुती गॅस सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ‘बी-27’ असे काहीतरी रंगवलेले असते, ती त्या सिलिंडरची ‘एक्स्पायरी डेट’ आहे आणि ती उलटली की सिलिंडरचा स्फोट होतो, असे त्यात सांगितलेले असते. अक्षरांचा अर्थ या संदेशात बहुधा बरोबर दिलेला असतो: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. निष्कर्ष मात्र चुकीचा असतो. ती तारीख सिलिंडरच्या मरणाची नसून त्याच्या पुढच्या सक्तीच्या तपासणीची असते. घरगुती सिलिंडरची पहिली तपासणी 10 वर्षांनी आणि त्यानंतर दर 5 वर्षांनी होते. ऑक्सिजनसारख्या वायूंच्या सिलिंडरांसाठी ही मुदत 5 वर्षांची आणि क्लोरीनसारख्या गंज चढवणाऱ्या वायूंसाठी 2 वर्षांची आहे. तारीख उलटलेला सिलिंडर पुन्हा भरू नये, एवढाच तिचा अर्थ. भारतात हे सारे ‘गॅस सिलिंडर नियम, 2016’ नुसार चालते आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

तपासणी म्हटले की पाण्याच्या दाबाची चाचणी तेवढी लोकांना ठाऊक असते. सिलिंडरच्या मानेत व्हॉल्व्ह जिथे फिरवून बसवतात, तिथल्या आट्यांच्या, म्हणजे स्क्रूसारख्या चक्राकार खाचांच्या, तपासणीविषयी फारसे कोणी बोलत नाही. वास्तविक वायू आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये त्या ठिकाणी अखंड पोलाद नसते. तिथे दोन वेगवेगळे भाग केवळ आट्यांच्या आधाराने एकमेकांना धरून असतात. रेग्युलेटर जोडायचे आटे वेगळे. ज्वलनशील वायूंसाठी ते डावे आणि इतर वायूंसाठी उजवे असतात, म्हणजे एका प्रकारचा रेग्युलेटर दुसऱ्या प्रकारच्या सिलिंडरवर बसतच नाही. येथे विषय आहे तो मानेतल्या आट्यांचा.

तिथे जोर किती असतो, याचा हिशोब शाळेतल्या सूत्राने करता येतो. ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर साधारण 150 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे 150 पट, दाबाला भरतात. मानेच्या भोकाचा व्यास 25 मिलिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे 491 चौरस मिलिमीटर होते आणि व्हॉल्व्हला बाहेर ढकलणारे बल सुमारे 7,400 न्यूटन, म्हणजे पाऊण टनाच्या वजनाइतके भरते. हे बल काही क्षणांपुरते नसते. सिलिंडर भरलेला असेपर्यंत, रात्रंदिवस, ते आट्यांवर असते.

या आट्यांच्या दोन जाती आहेत: निमुळते आणि समांतर. औद्योगिक सिलिंडरांत निमुळत्या आट्यांचा प्रघात मोठा आहे आणि त्यांची रचना मला यंत्रशास्त्रातील अत्यंत देखण्या रचनांपैकी एक वाटते. ‘25 ई’ या आंतरराष्ट्रीय मापाचे उदाहरण घेऊ. जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये सुचवलेला 55 अंशांचा आटा त्यात आजही वापरला जातो. इंचाला 14 आटे असतात, म्हणजे एका पूर्ण फेरीला व्हॉल्व्ह 1.814 मिलिमीटर आत सरकतो. आटे ज्या शंकूवर कापलेले असतात, त्याचा व्यास दर 25 मिलिमीटर लांबीला 3 मिलिमीटरने कमी होतो. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की असे दिसते की हाताने घट्ट बसल्यानंतरच्या प्रत्येक फेरीत व्हॉल्व्ह त्या जागी असलेल्या भोकापेक्षा सुमारे 0.22 मिलिमीटर अधिक जाड होत जातो. ओंडक्यात ठोकलेली पाचर जशी दोन्ही बाजूंना रेटा देते, तसा हा शंकू मानेला चोहोबाजूंनी रेटा देतो. त्या रेट्यानेच सांधा वायूबंद होतो आणि त्याच रेट्याने मानेच्या घेराला ताण बसतो. एकच क्रिया सांधा राखते आणि मर्यादेबाहेर गेली तर मान फाडू शकते.

ही मर्यादा किती जवळ असते ते पाहा. पाव फेरी म्हणजे व्यासात सुमारे 0.054 मिलिमीटरची वाढ. मान तिथे साधारण 27 मिलिमीटर व्यासाची धरली, तर ही वाढ 0.2 टक्के होते. हा सगळा फुगवटा एकट्या पोलादाने सोसला, तर त्यातील ताण प्रति चौरस मिलिमीटर 400 न्यूटनच्या घरात जाईल, आणि इतक्या ताणाला कित्येक जातींचे पोलाद कायमचे वाकते. प्रत्यक्षात मान जाड असते आणि व्हॉल्व्ह बहुधा पितळेचा, म्हणजे पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे आधी तोच दबतो, म्हणून सिलिंडर सुखरूप राहतो. परंतु यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी: ‘जितके घट्ट तितके सुरक्षित’ हा समज येथे धोकादायक आहे. म्हणूनच व्हॉल्व्ह मापाच्या पान्याने, ठरलेल्या पिळाने, म्हणजे ठरलेल्या फिरवण्याच्या जोराने (टॉर्कने), बसवायचा असतो. पोलादी सिलिंडरातील 25 ई आट्यांसाठी हा पीळ 200 ते 300 न्यूटन-मीटर असतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरांसाठी त्याच्या निम्म्याच्या आसपास. टेफ्लॉनची टेप गुंडाळली की घर्षण कमी होते आणि तेवढ्याच पिळात व्हॉल्व्ह अधिक आत जातो, त्यामुळे टेपचे वेढेही मनाला येतील तितके देऊन चालत नाही.

आता तपासणी. सिलिंडर पूर्ण रिकामा असल्याची खात्री करून व्हॉल्व्ह काढतात, आट्यांत अडकलेले टेपचे तुकडे आणि गंज साफ करतात आणि मग आत दिवा सोडून, गरज पडल्यास छोट्या आरशाने, एकेक आटा पाहतात. आटे पूर्ण आकाराचे आणि स्वच्छ हवेत. त्यांवर कंगोरे, तुटलेले माथे, गंजाचे खड्डे किंवा चिरा असता कामा नयेत. डोळ्यांनी करायची तपासणी संपली की गेजची, म्हणजे आट्यांचे माप पडताळणाऱ्या साधनाची, सुरू होते. निमुळत्या आट्यांच्या गेजवर दोन पायऱ्या कोरलेल्या असतात. गेज हाताने फिरवून बसवला असता मानेचा वरचा काठ त्या दोन पायऱ्यांच्या मधे यावा लागतो. गेज जास्त आत गेला तर आटे झिजून भोक मोठे झाले आहे. फार वर अडकला तर भोक लहान आहे किंवा आट्यांत काहीतरी आहे. समांतर आट्यांसाठी दोन गेज असतात: एक शेवटपर्यंत सहज गेलाच पाहिजे आणि दुसरा ठरावीक आट्यांपुढे जाता कामा नये. किरकोळ इजा योग्य टॅप (भोकात आटे कापायचे हत्यार) फिरवून दुरुस्त करता येते, पण त्यानंतर गेज पुन्हा लावावाच लागतो, आणि जागेवर किमान ठरलेले पूर्ण आटे उरले नसतील तर सिलिंडर बाद होतो.

मोजून आटे का पाहायचे? दहा आटे असले की भार दहा समान वाट्यांत विभागला जातो, असे सहज वाटते. तसे होत नाही. दोन्ही भाग भाराखाली किंचित ताणले किंवा दबले जातात आणि त्यामुळे भार जिकडून येतो त्या टोकाचे आटे त्याचा मोठा हिस्सा उचलतात. साध्या नट-बोल्टात पहिला गुंतलेला आटा एकटाच सुमारे एक तृतीयांश भार घेतो. नेमके तेच दोन-तीन आटे खराब असतील, तर उरलेल्या आट्यांची संख्या समाधानकारक असूनही सांधा अशक्त असतो.

हाताला घट्ट लागणे हा पुरावा नव्हे, हे सर्वांत चांगले कळते ते समुद्रात डुबकी मारणाऱ्या डायव्हरांच्या सिलिंडरांत. ब्रिटनमध्ये जुन्या सिलिंडरांच्या मानेत पाऊण इंची पाइपाचे आटे असत. पुढे युरोपात ‘एम 25 × 2’ हे मेट्रिक माप रूढ झाले. अमेरिकी सिलिंडरांत पाऊण इंचीचेच वेगळे रूप चालते. हे सगळे सिलिंडर जगभर फिरतात, आणि तारकर्ली किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर डायव्हिंग चालवणाऱ्यांनाही या फरकाचे भान हवे. ब्रिटिश पाऊण इंची मादी (म्हणजे मानेच्या आतल्या) आट्याचा आतला व्यास 24.12 मिलिमीटर असतो आणि मेट्रिक व्हॉल्व्हचा बाहेरचा व्यास जवळपास 25. म्हणजे हा व्हॉल्व्ह त्या मानेत शिरतो आणि दोहोंचे माथे एकमेकांत जेमतेम 0.4 मिलिमीटर गुंततात, जिथे योग्य जोडीत 1.16 मिलिमीटरपर्यंत गुंतायला हवे होते. शिवाय मेट्रिक मापात लगतच्या दोन आट्यांतले अंतर 2 मिलिमीटर आणि ब्रिटिश मापात 1.814 मिलिमीटर. प्रत्येक आट्यामागे 0.186 मिलिमीटरची तफावत साठत जाते आणि पाचव्या आट्यापर्यंत ती जवळजवळ अर्ध्या आट्याइतकी होते. बसवणाऱ्याला काय जाणवते? व्हॉल्व्ह सुरुवातीला सहज फिरतो आणि मग जड होतो. त्याला वाटते, घट्ट बसला. खरे तर माथे एकमेकांवर चढू लागलेले असतात. पुढे 200 बारला भरताना मागून जवळपास एक टनाचा रेटा येतो, आणि असे व्हॉल्व्ह मानेतून सुटून उडाल्याचे अपघात परदेशांत घडलेले आहेत. पाण्याच्या दाबाची चाचणी येथे मदतीला येत नाही, कारण त्या चाचणीत मानेला योग्य मापाचा जोड लावलेला असतो आणि नंतर त्यात कोणता व्हॉल्व्ह बसणार याविषयी ती काहीच सांगत नाही. सिलिंडरवर आणि व्हॉल्व्हवर ठोकलेले माप वाचणे आणि गेज लावणे, एवढाच उपाय आहे.

ऑक्सिजनच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे: आट्यांना तेल, ग्रीस किंवा तूप लागता कामा नये, कारण उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ते ठिणगीवाचूनही पेट घेऊ शकते. खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये हत्यारांबरोबर सिलिंडरांचीही पूजा होते. त्या भावनेचा आदर राखूनही हे सांगितले पाहिजे की तेलातले गंध व्हॉल्व्हच्या तोंडाला लावणे आणि शेजारी तुपाचे निरांजन ठेवणे याने संरक्षण मिळत नाही, धोका वाढतो. पूजा करायचीच असेल तर ऑक्सिजनचे सिलिंडर तेल-तुपापासून आणि ज्योतीपासून दूर, आपल्या जागीच राहू द्यावेत.

अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरांत प्रश्न निराळा आहे. 6351 या मिश्रधातूच्या जुन्या सिलिंडरांच्या मानेत सततच्या भाराखाली, साध्या तापमानालाच, धातूच्या कणांच्या सीमांवरून अत्यंत संथपणे चिरा वाढतात असे दिसून आले. अशी चीर आट्यांना आडवी छेदून उभी जाते. अडचण अशी की टॅप जिथे थांबतो तिथेही उभी रेघ उमटते आणि घडणीच्या वेळी धातू दुमडल्याच्या खुणाही तशाच दिसतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी निर्णय कठीण होतो. म्हणून आट्यांत भोवरा-प्रवाहाची सळई फिरवतात. तिच्यातील बदलत्या चुंबकक्षेत्राने धातूत वर्तुळाकार प्रवाह निर्माण होतात, चीर मधे आली की त्यांची वाट मोडते आणि यंत्राच्या पडद्यावर तो बदल दिसतो. अमेरिकी नियमांत या मिश्रधातूच्या सिलिंडरांची डोळ्यांनी आणि या यंत्राने अशी दुहेरी तपासणी सक्तीची आहे आणि दोन किंवा अधिक आट्यांवर पसरलेली चीर सापडली की सिलिंडर बाद ठरतो.

घरच्या सिलिंडरातील दाब यापेक्षा अनेक पटींनी कमी असतो, तरी तिथेही साबणाच्या पाण्याने फरक ओळखता येतो. बुडबुडे व्हॉल्व्हच्या मधल्या भोकातून आले तर दोष आतल्या पिनेत किंवा रबरी रिंगेत आहे. ते व्हॉल्व्हच्या बुडाशी, जिथे तो सिलिंडरात शिरतो तिथून आले, तर गळती मानेच्या आट्यांतून आहे. दोन्ही प्रसंगी पाना हातात घेऊ नये. टोपी लावून सिलिंडर मोकळ्या हवेत ठेवावा, जवळ आग किंवा विजेचे बटण नको, आणि गॅसगळतीच्या 1906 या क्रमांकावर फोन करावा.

तपासणीत बाद ठरलेला सिलिंडर नुसता बाजूला ठेवून भागत नाही, कारण नवे आटे पाडून आणि रंग देऊन तो पुन्हा बाजारात येऊ शकतो. म्हणून तो दाबून चपटा करतात, त्याचे तुकडे करतात किंवा त्याची मान वेडीवाकडी कापतात, जेणेकरून तिच्यात पुन्हा कोणताही व्हॉल्व्ह बसवता येणार नाही.