मेपल क्रीक नावाची दोन ठिकाणं: गावठाण एकाचं, शिवार दुसऱ्याचं

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या नैऋत्य कोपऱ्यात मेपल क्रीक आहे. त्याची लोकसंख्या शोधायला गेलात तर दोन आकडे सापडतात. एक 2,000 च्या थोडा वर, दुसरा 1,000 च्या आसपास. दोन्ही बरोबर आहेत, कारण त्या नावाच्या स्थानिक संस्थाच दोन आहेत: मेपल क्रीक टाऊन आणि 'रूरल म्युनिसिपालिटी ऑफ मेपल क्रीक, क्रमांक 111'. दुसरी म्हणजे टाऊनबाहेरच्या ग्रामीण भागाचा कारभार पाहणारी संस्था; तिकडे तिला सगळे नुसतं 'आरएम' म्हणतात. मराठीत या भागाबद्दल काही वाचायला घेतलं की टाऊनची माणसं आरएमच्या जमिनीवर पसरून घनता काढलेली दिसते, नाहीतर आरएमला 'मेपल क्रीक तालुका' म्हटलेलं असतं. पहिली चूक दुसरीतूनच येते, म्हणून दुसरीबद्दल जरा सविस्तर लिहितो.

टाऊन समजायला सोपं आहे. 1883 मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे इथून पुढे गेली आणि रुळांच्या कडेला वस्ती झाली. 1903 मध्ये तिला टाऊनचा दर्जा मिळाला. आकार पाच चौरस किलोमीटरच्या आतला, कारभाराला महापौर आणि कौन्सिल. आपल्याकडच्या छोट्या नगरपरिषदेसारखंच. मराठीत त्याला 'खेडं' मात्र म्हणू नये. सस्कॅचेवानमध्ये 'व्हिलेज' हा वेगळा दर्जा आहे, टाऊन व्हायला 500 वस्ती लागते आणि सिटी व्हायला 5,000.

आता आरएम. क्षेत्रफळ 3,000 चौरस किलोमीटरहून जास्त, माणसं हजाराच्या आसपास, म्हणजे तीन चौरस किलोमीटरमागे साधारण एक माणूस. नाव तेच, आकार एवढा, आणि टाऊन चारही बाजूंनी तिच्या जमिनीने वेढलेलं. हे वाचल्यावर आपल्या डोक्यात लगेच 'तालुका' येतो, कारण जुन्नर शहर जुन्नर तालुक्यातच असतं आणि तालुक्याच्या लोकसंख्येत शहराची लोकसंख्या धरलेली असते. इथे तसं नाही. टाऊन आरएमच्या पोटात दिसत असलं तरी ते आरएमचा भाग नाही. मेदूवड्याचं भोक वड्याच्या मध्ये असतं, पण भोक म्हणजे वडा नव्हे. आरएमच्या आकड्यात टाऊनचा एकही माणूस मोजलेला नसतो. आकड्यांकडेच नीट पाहा: 'तालुका' हजाराचा आणि त्याच्या आतलं 'शहर' दोन हजारांचं, असं कसं असेल? टाऊन वजा करून 'ग्रामीण लोकसंख्या' काढणाऱ्याला उत्तर शून्याच्या खाली मिळेल.

आपल्याकडचाच दाखला हवा असेल तर तालुका सोडा आणि पंचायत समिती घ्या. जुन्नर पंचायत समितीचा कारभार तालुक्याच्या ग्रामीण भागापुरता. शहराची नगरपरिषद वेगळी, शहरातला मतदार पंचायत समितीला मत देत नाही, तरी समितीची कचेरी असते शहरातच. मेपल क्रीकचं अगदी असंच आहे. आरएम 111 ची कचेरी टाऊनमध्ये आहे, म्हणजे जिथे त्या आरएमची सत्ता चालत नाही तिथे. पंचायत समितीचे सदस्य गणांतून येतात, तसे आरएमचे कौन्सिलर डिव्हिजनमधून येतात. सभापतीच्या जागी 'रीव्ह' असतो.

दाखला इथपर्यंतच चालतो. पंचायत समितीच्या खाली ग्रामपंचायती असतात आणि तिचे अधिकार बेताचे असतात. आरएम ही स्वतःच पूर्ण स्थानिक संस्था आहे. शेतजमिनीसकट सगळ्या मालमत्तेवर ती कर लावते, प्रांताचा शिक्षण कर वसूल करते, बांधकाम परवाने देते आणि रस्ते सांभाळते. म्हणून मला गावठाण आणि शिवार ही जोडी जास्त पटते. आपल्याकडे दोन्ही एकाच ग्रामपंचायतीकडे असतात. सस्कॅचेवानने गावठाण एका संस्थेला दिलं आणि शिवार दुसरीला.

हा फरक गाडीतून जाताना डोळ्यांना दिसतो. घरांची रांग संपते, डांबर संपतं, खडीचा रस्ता लागतो आणि मागे धुळीचा लोट उठतो. तिथून पुढचा ग्रेडर (खडीचा रस्ता सपाट करणारं यंत्र), पूल आणि बर्फ हटवणं आरएमकडे. टाऊनमध्ये नळाला पाणी आणि ड्रेनेज; बाहेर विहीर किंवा पाण्याची टाकी, आणि सेप्टिक टँक. खडीचे हे रस्ते सर्वेक्षणाच्या चौकटीवर पडले आहेत. उत्तर-दक्षिण रस्त्याला दर मैलावर जागा राखलेली, पूर्व-पश्चिम रस्त्याला दर दोन मैलांवर. मैल बाय मैलाचा चौकोन म्हणजे सेक्शन, त्याचा पाव म्हणजे 160 एकरांचा क्वार्टर, आणि 36 सेक्शनची टाऊनशिप. (ही टाऊनशिप फक्त मोजणीचा चौकोन आहे. तिचा टाऊनशी काही संबंध नाही, आणि पुण्यामुंबईच्या टाऊनशिपशी तर मुळीच नाही.) साधारण नऊ टाऊनशिपची एक आरएम, असा मूळ आराखडा होता. 111 त्याच्या जवळपास चौपट आहे. हा कोरडा, गुराढोरांच्या रँचचा मुलूख आहे. एकेका रँचला प्रचंड जमीन लागते आणि वस्ती विरळ राहते.

क्रमांक लिहायचा कंटाळा करू नये, असा माझा आग्रह आहे. सस्कॅचेवानमध्ये 296 आरएम आहेत आणि क्रमांकावरून जागा कळते. प्रांताच्या आग्नेय कोपऱ्यात 1, तिथून आकडे पश्चिमेकडे वाढत जातात. त्याच्या उत्तरेची ओळ पुन्हा पूर्वेकडून 31 ने सुरू होते, मग 61, मग 91. म्हणजे 111 चौथ्या ओळीतली, पार पश्चिमेला अल्बर्टाच्या हद्दीजवळची. शेजारची पियापॉट 110.

मग इतकी सरमिसळ का होते? मोठं कारण टपाल. शिवारात राहणाऱ्या रँचवाल्याची टपालपेटी टाऊनच्या पोस्टात असते. त्याच्या पत्त्यावर 'मेपल क्रीक' लिहिलेलं असतं, पण तो कर भरतो आरएमला आणि मतही तिथेच देतो. पत्त्यावरून लोकसंख्या मोजायला बसलं की घोटाळा ठरलेला. याच नावाखाली आणखी एक समाज पुसला जातो, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. टाऊनच्या आग्नेयेला नेकानीट या क्री आदिवासी लोकांची राखीव भूमी आहे. ती टाऊनमध्येही नाही आणि आरएममध्येही नाही, जनगणनेत तिची नोंद स्वतंत्र होते. 'मेपल क्रीक परिसर' लिहायचं असेल तर हे तीन आकडे वेगवेगळे द्यावेत.

हवामानाचं थोडक्यात. जॉन पॅलिसर हा शोधप्रवासी 1857 ते 1860 या काळात इकडे फिरला आणि ज्या कोरड्या प्रदेशाला पुढे त्याचं नाव मिळालं, त्या पॅलिसर त्रिकोणात दोन्ही मेपल क्रीक येतात. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला 400 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. हिवाळ्यात पारा उणे 30 च्या खाली जातो, आणि मध्येच रॉकी पर्वताकडून चिनूक हा उबदार वारा येऊन बर्फ वितळवतो. टाऊनचे आकडे सबंध शिवाराला लावू नयेत, एवढंच सांगायचं आहे. दक्षिणेला जमीन सायप्रेस हिल्सकडे चढत जाते. हे डोंगर भोवतालच्या माळापासून 600 मीटरपर्यंत उंच आहेत, तिथे लॉजपोल पाइनचं जंगल आहे आणि बर्फ उशिरापर्यंत टिकतं. टाऊन कोरडं असतानाही डोंगरांवरून पाणी येतं. जून 2010 मध्ये मुसळधार पावसानंतर पूर आला आणि टाऊनजवळ ट्रान्स-कॅनडा महामार्गच वाहून गेला.

जुने-नवे आकडे ताडून पाहताना आणखी एक गोष्ट तपासावी लागते. प्रेअरीतली, म्हणजे या गवताळ माळरानातली, छोटी व्हिलेजेस ओस पडत चालली आहेत. एखाद्या व्हिलेजला कारभार झेपेनासा झाला की ते विसर्जित होतं आणि भोवतालच्या आरएममध्ये जातं. पुढच्या जनगणनेत त्या आरएमची लोकसंख्या वाढलेली दिसते, पण नवं कोणी आलेलं नसतं. शेजारच्या मॅनिटोबात तर 1 जानेवारी 2015 ला सरकारनेच 1,000 पेक्षा कमी वस्तीच्या बऱ्याच म्युनिसिपालिट्या एकत्र केल्या. तिथे कित्येक ठिकाणी टाऊन आणि आरएम आता खरोखरच एक झाले आहेत. त्यामुळे सस्कॅचेवानचा नियम मॅनिटोबातल्या गावाला लावण्याआधी ते गाव त्या विलीनीकरणात होतं का, ते पाहून घ्यावं.