पाइपलाइन विकत घेतली. आता खातं १०२ सहा महिन्यांत कसं मोकळं करायचं?

तुम्ही ह्यूस्टनमध्ये असा किंवा पुण्यात बसून तिथल्या कंपनीची खाती सांभाळत असा, आंतरराज्य गॅस पाइपलाइन कंपनीने चालती लाइन विकत घेतली की हे काम येतंच. अमेरिकेच्या फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनच्या, म्हणजे फर्कच्या, लेखापद्धतीनुसार खरेदी आधी खातं १०२ मध्ये, म्हणजे खरेदी-विक्री झालेल्या मालमत्तेच्या तात्पुरत्या खात्यात, टाकायची आणि ते मोकळं करणाऱ्या, म्हणजे त्यातल्या रकमा कायमच्या खात्यांत वळवणाऱ्या, प्रस्तावित जर्नल नोंदी कमिशनकडे दाखल करायच्या. खरेदी, विक्री, विलीनीकरण, सगळ्याला हे लागू. मात्र व्यवहार चालत्या युनिटचा किंवा पूर्ण यंत्रणेचा हवा; सुटा कॉम्प्रेसर घेतला तर लागत नाही.

मुदत सहा महिने, तीही व्यवहाराच्या तारखेपासून. वर्षअखेरीपासून नाही, मूल्यांकनाचा अहवाल आल्यापासूनही नाही. फॉर्म २ ची, म्हणजे कमिशनला द्यायच्या वार्षिक अहवालाची, १८ एप्रिल ही वेगळी तारीख आहे, कृपा करून दोन्हींची गल्लत करू नका.

खरी अडचण ‘मूळ किमती’ची. तुम्ही किती मोजले हे इथे दुय्यम आहे. ती मालमत्ता ज्याने पहिल्यांदा सार्वजनिक सेवेत लावली, त्याला ती कितीला पडली ते हवं. समजा लाइन १० कोटी डॉलरला बांधली, घसारा ६ कोटी झाला आणि तुम्ही ती ९ कोटींना घेतली. खातं १०१ (सेवेतली मालमत्ता) मध्ये १० कोटी, १०८ (साठलेला घसारा) मध्ये ६ कोटी जमा, म्हणजे निव्वळ ४ कोटी, आणि तुम्ही मोजलेल्या ९ कोटींपैकी उरलेले ५ कोटी ११४ (खरेदीतला फरक) मध्ये. हे ५ कोटी सहसा ग्राहकांच्या दरात घालता येत नाहीत, म्हणूनच ते वेगळे दिसायला हवेत. कॉर्पोरेट वह्यांमध्ये मात्र बाजारभावाची किंमत चढलेली असते आणि तीच उचलून पाठवली की नोंदी परत येतात.

मूळ किमतीचे कागद बहुतेकांकडे नसतात. एका कामात आम्हाला विक्रेत्याकडून फक्त एकूण आकड्यांची एक शीट मिळाली होती; कोणत्या वर्षी किती मैल पाइप पडला, काही नाही. नियमात यावर तोडगा आहे. मूळ किंमत माहीत नसेल तर अंदाज चालतो, पण तो कशावरून काढला ते लिहा. खरेदीदाराने शक्य असतील तेवढे सगळे जुने अभिलेख किंवा प्रमाणित प्रती मिळवून जपायच्या, असंही नियम सांगतो. सौदा झाल्यावर विक्रेता फोन उचलत नाही हो! वर्क ऑर्डर (प्रत्येक बांधकामाच्या खर्चाची नोंद) आणि घसाऱ्याचे तक्ते देण्याची अट करारातच घाला, सही होण्याआधी.