रेंज फुल, तरी नेट गुल

माझे मामा साताऱ्याला राहतात. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांचे, सहलींचे जुने फोटो स्कॅन करून जपून ठेवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. दिवसभर स्कॅनिंग करायचं आणि संध्याकाळी सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवायचं, असा त्यांचा नेम. आणि रोज नेमकं त्याच वेळी नेट जायचं.

नेटवाल्या मुलाला चार वेळा बोलावून झालं. तो यायचा दुपारी, तेव्हा सगळं सुरळीत असायचं. राउटर बदलला. कुणीतरी सांगितलं म्हणून कॉम्प्युटर दुकानात नेला, तिथे फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकून दिली. पैसे गेले, दोन दिवस गेले, पण संध्याकाळचं दुखणं तसंच राहिलं. "अगं, रेंज तर फुल दाखवतोय, मग नेट जातं कुठे?" असं मामा फोनवर म्हणाले, तेव्हा त्या प्रश्नात अर्धं उत्तर दडलेलं आहे हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

दिवाळीत गेले तेव्हा संध्याकाळ व्हायची वाट पाहिली. बॅकअप सुरू झाला आणि पाच मिनिटांत नेट बसलं. पहिल्यांदा मोबाइल त्याच टेबलावर ठेवून त्याच वायफायवर व्हिडिओ लावला. तो न अडखळता चालला. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठीक, राउटर ठीक. मग राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत केबल ओढली, तर कॉम्प्युटरवरही नेट सुरू! म्हणजे विंडोज निर्दोष, ब्राउझर निर्दोष. राहिलं फक्त राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यामधलं हवेतलं अंतर. ही चाळणी लावायला दहा मिनिटं पुरतात, खर्च शून्य. कुठलाही भाग बदलण्याआधी ती लावावी असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण घराघरांत चांगले राउटर निष्कारण बदलले जातात.

केबल काढली आणि कमांडच्या काळ्या खिडकीतून राउटरला पिंग करत राहिले. पिंग म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारायची आणि 'आहे' यायला किती वेळ लागला ते मोजायचं. हाक राउटरलाच मारली, की बाहेरच्या इंटरनेटचा संबंध उरत नाही, फक्त घरातल्या हवेची परीक्षा होते. दोन मिलिसेकंद, तीन, दोन. हार्ड डिस्क लावली, कॉपी सुरू केली. चाळीस, तीनशे, नऊशे, मग उत्तरच नाही. डिस्क काढली. दोन, तीन, दोन. चार वेळा हेच करून पाहिलं, चारही वेळा तेच झालं. आणि या सगळ्या वेळात कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह भरलेलंच होतं.

कॅबिनेट फिरवून मागे पाहिलं. नखाएवढा डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला वायफाय पकडून देणारा छोटा तुकडा, एका यूएसबी पोर्टमध्ये खोचलेला, आणि त्याला जवळजवळ चिकटून, दोन सेंटिमीटरवर, निळ्या पोर्टमध्ये हार्ड डिस्कची केबल.

निळा रंग बहुतेक वेळा यूएसबी ३.० ची खूण असतो. या केबलमधून सेकंदाला ५ अब्ज बिट, म्हणजे शून्य-एकच्या खुणा, धावतात. तारेतून इतक्या वेगाने विद्युतदाब वरखाली होतो, तेव्हा ती तार थोडीफार अँटेनासारखी वागतेच. बिटांचा क्रम मुद्दाम विस्कटून पाठवलेला असल्याने ही ऊर्जा एका ठिकाणी न साचता शून्यापासून ५ गिगाहर्ट्झपर्यंत (एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज कंपनं) पसरते, आणि त्या पसाऱ्याच्या मधोमध येतो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे आपलं जुनं वायफाय, ब्लूटूथ आणि बिनतारी माउसचं घर. केबलचं आवरण, कनेक्टर आणि डिस्कचं खोकं यांच्या फटींतून ही ऊर्जा बाहेर झिरपते. इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीने २०१२ मध्ये यावर स्वतःची मोजमापं प्रसिद्ध केली. हार्ड डिस्क जोडल्यावर २.४ च्या पट्ट्यातला गोंगाट जवळपास २० डेसिबलने वाढलेला दिसला. २० डेसिबल म्हणजे शंभरपट.

आता वायफायची बाजू पाहू. राउटर साधारण १०० मिलिवॅट शक्तीने लहरी सोडतो. शेजारच्या खोलीत पोचेपर्यंत त्यातला दहा कोटींमधला एक भाग हाती लागला तरी उत्तम काम चालतं. इतकी हळू कुजबुज ऐकायला बसलेल्या डोंगलच्या कानाशी गोंगाट शंभरपट झाला तर काय होणार? गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथक शेजारून जात असताना बरोबरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तसंच हे. त्याचा आवाज कमी झालेला नसतो. वायफायचं चिन्ह राउटरचा आवाज किती जोरात येतोय एवढंच दाखवतं, ढोल किती जोरात वाजतोय ते दाखवत नाही. मामांच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

उपाय अगदी साधा निघाला. घरात पडून असलेली मीटरभर यूएसबी एक्स्टेंशन वायर घेऊन डोंगल टेबलावर, डिस्कपासून लांब आणला. गोंगाटाचा उगम इतका जवळ असतो, की थोडं अंतर वाढवलं तरी त्याचा जोर झपाट्याने उतरतो. पिंग पुन्हा दोनवर आला. वायर नसती तर डिस्क काळ्या, म्हणजे यूएसबी २.० च्या पोर्टला लावता आली असती. त्याचा वेग सेकंदाला ४८ कोटी बिट, त्यामुळे त्याच्या ऊर्जेचा मोठा भाग २.४ गिगाहर्ट्झच्या बराच खाली राहतो. कॉपीला वेळ लागतो, पण शेजाऱ्याला त्रास नाही. डोंगल ५ गिगाहर्ट्झचा पट्टा पकडणारा असेल तर त्यावर जाणं सगळ्यात बरं, कारण ५ च्या आसपास यूएसबीचा हा गोंगाट जवळपास विरून जातो.

घरातला दुसरा ढोल म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हन. त्यातला मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, २.४५ गिगाहर्ट्झवर, वायफायच्याच पट्ट्यात चालतो. दाराच्या कडेने निसटणारी किंचितशी ऊर्जा माणसाला बाधत नाही, पण वायफायच्या कुजबुजीला पुरून उरते. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉन विजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्याच भागात चालतो, म्हणजे आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर १० मिलिसेकंद चालू, १० बंद. त्यामुळे नेट पूर्ण न जाता अडखळतं आणि दूध गरम झालं की आपोआप सुधारतं. लोखंडी कपाट, भिंतभर आरसा, माशांची टाकी यांचं दुखणं वेगळं. तिथे खुद्द राउटरचा आवाज अडतो, आणि तो मात्र चिन्हावर दिसतो.

यंदा पावसाळ्यात मामांचा पुन्हा फोन आला. "कॉम्प्युटरवर एकही साइट उघडत नाही. मोबाइलवर सगळं चालतंय. डोंगल लांबच आहे, डिस्क लावलेलीच नाही, आणि केबल लावली तरी तेच." चाळणी त्यांनी स्वतःच लावली होती. केबल लावूनही तेच, म्हणजे या वेळी हवा निर्दोष, दोष कॉम्प्युटरमध्येच. मी विचारलं, "मामा, खाली कोपऱ्यात तारीख काय दिसते?"

थोडा वेळ गेला. "अगं, हा तर २०१६ दाखवतोय."

प्रत्येक सुरक्षित साइट ब्राउझरला आपलं प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. सप्टेंबर २०२० मध्ये तर ही मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवसांवर आणली गेली. कॉम्प्युटर २०१६ सालात बसला असेल तर त्याच्या दृष्टीने आजची सगळी प्रमाणपत्रं भविष्यातली, म्हणजे अवैध. मग ब्राउझर साइट उघडत नाही. नेट आलेलं असतं, दार आतून बंद असतं.

मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, आठ आण्यांच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. भिंतीवरचं बटण चालू असेल तर पॉवर सप्लाय थोडी वीज देत राहतो आणि सेल वाचतो. मामा वीज वाचवायला रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात, त्यामुळे सारी रात्र सेलवरच भार.

सेल घड्याळाच्या दुकानात मिळाला. बटण बंद करून, प्लग काढून, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची आणि मगच बोर्डला हात लावायचा, एवढं मी फोनवर सांगितलं. अधिकची बाजू वर ठेवून नवा सेल बसवला, तारीख घातली, आणि पाच मिनिटांनी त्यांनी १९८४ च्या स्नेहसंमेलनाचा एक फोटो मला पाठवला, कॉम्प्युटरवरूनच.