इंग्रजीतील ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह व्हॉइस

इंग्रजी वाक्याचा सब्जेक्ट काम करणारा आहे की ते काम त्याच्यावर घडते आहे, हे क्रियापदाच्या रूपावरून कळते. पहिला प्रकार ॲक्टिव्ह व्हॉइस, दुसरा पॅसिव्ह. मराठी माध्यमात त्यांना सर्रास कर्तरी आणि कर्मणी प्रयोग म्हणतात. नाशिकला कॉलेज रोडवरच्या क्लासमध्येही फळ्यावर हीच जोडी असते. ती सोयीची आहे, पण अर्धीच खरी.

मराठीतला प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते यावर. ‘शेतकऱ्याने घड तोडला’, ‘शेतकऱ्याने द्राक्षे तोडली’ : क्रियापद कर्मामागे चालले, म्हणून कर्मणी. इंग्रजीत मात्र ‘द फार्मर हार्वेस्टेड द ग्रेप्स’ हे सरळ ॲक्टिव्ह. ‘ने’ दिसला की ‘बाय’ लावायची खोड मुलांना लागते ती या गफलतीतून. पॅसिव्हच्या खरी जवळची रचना म्हणजे ‘द्राक्षे शेतकऱ्याकडून तोडली गेली’. मराठी व्याकरणात तिला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात आणि ती इंग्रजीच्या वळणाची मानतात. निफाडकडच्या बागेत असे कोणी बोलणार नाही. बातम्यांत मात्र ती रोज भेटते.

रूप बनवणे अवघड नाही. ॲक्टिव्हमधले ऑब्जेक्ट पुढे येऊन सब्जेक्ट होते, काळाप्रमाणे ‘बी’चे रूप येते आणि मूळ क्रियापद तिसऱ्या रूपात, म्हणजे क्लासच्या भाषेत व्ही-थ्रीमध्ये, जाते. ‘द फार्मर प्रून्स द वाइन्स’चे ‘द वाइन्स आर प्रून्ड बाय द फार्मर’ होते. ‘गो’, ‘स्लीप’ यांसारख्या अकर्मक क्रियापदांना पॅसिव्ह नाही, कारण पुढे आणायला ऑब्जेक्टच नसते. ‘गिव्ह’ला दोन ऑब्जेक्ट असतात आणि कोणतेही पुढे येऊ शकते. ‘आय वॉज गिव्हन अ पेन’ इथे आपली मुले हमखास अडखळतात, कारण ‘मी पेन दिलो गेलो’ असे मराठीत होत नाही.

‘चेंज द व्हॉइस’ या परीक्षेतल्या प्रश्नामुळे दोन्ही वाक्ये एकाच तोलाची वाटतात. तशी ती नसतात. ‘द वाइन्स आर प्रून्ड इन ऑक्टोबर’ या वाक्यात छाटणी कोण करते हे सांगायची गरजच नाही; ‘बाय द फार्मर’ जोडले तर ते उगाच लोंबते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ‘कान्हेरे शॉट जॅक्सन’ म्हटले की गोष्ट कान्हेऱ्यांची होते. ‘जॅक्सन वॉज शॉट’ म्हटले की कलेक्टरची, आणि गोळी झाडणारा वाक्याबाहेर राहतो. पुढे १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ‘दे वेअर हँग्ड’ एवढ्यात इंग्रजीचे काम भागते. फाशी सरकारने दिली हे वेगळे सांगावे लागत नाही. (फाशीसाठी ‘हँग’चे तिसरे रूप ‘हँग्ड’, भिंतीवरच्या तसबिरीसाठी ‘हंग’.)

करणाऱ्याला असे झाकता येते म्हणून कचेऱ्यांना पॅसिव्ह प्रिय. ‘मिस्टेक्स वेअर मेड’मध्ये चुका झाल्याची कबुली आहे, कोणी केल्या याची नाही. आपल्या सरकारी मराठीतले ‘कळविण्यात येते की’ याच जातीचे. प्रयोगशाळेतल्या नोंदीत, जिथे द्रावण तापवले हे महत्त्वाचे आणि कोणी तापवले हे गौण, तिथे मात्र पॅसिव्ह शोभतो.

एक पॅसिव्ह प्रत्येकाला मुलाखतीत वापरावाच लागतो आणि नेमका तोच चुकतो : ‘आय बॉर्न इन नाशिक’. मराठीत ‘मी नाशिकला जन्मलो’, म्हणजे माणूस आपला आपण जन्मतो. इंग्रजीत ‘बेअर’ म्हणजे जन्म देणे, आणि ‘बॉर्न’ हे त्याचे तिसरे रूप. म्हणून ‘आय वॉज बॉर्न इन नाशिक’. आईचा उल्लेख नसला, तरी त्या ‘वॉज’मागे तीच असते.