थडगी रंगवणाऱ्यांचं गाव

ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडीची एक मोठी कपची आहे. तिच्यावर चाळीस कामगारांची नावं आणि त्यांचे खाडे लिहिलेत, तेही कारणांसकट. एकाला विंचू चावला, एकाचा डोळा दुखत होता, एकाला आईच्या मृतदेहाला कापड गुंडाळायचं होतं, कुणी घरी बिअर बनवत होता. काळ प्राचीन इजिप्तचा राजा रामसेस दुसरा याच्या कारकिर्दीचं ४० वं वर्ष, म्हणजे इ.स.पू. १२४० च्या आसपास. इजिप्तच्या राजांना जिथे पुरत, त्या ‘राजांच्या दरी’तली थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या मंडळींचा हा हजेरीपट.

ही मंडळी नाईलच्या पश्चिम तीरावर देर अल-मदिना या गावात राहत. तटबंदीच्या आत सत्तरेक घरं, पाणी नदीवरून वाहून आणायचं. पाण्यासाठी गावाजवळ सुमारे ५० मीटर खोल खड्डा खणला गेला, पण पाणी लागलं नाही. पुढे तो केरकचऱ्याने भरला. विसाव्या शतकात फ्रेंच उत्खननकार बर्नार ब्रुयेर यांना त्यातून लिहिलेल्या आणि चितारलेल्या हजारो कपच्या आणि खापऱ्या मिळाल्या. प्राचीन कलेमागची माणसं इतक्या जवळून दिसावीत अशा जागा जगात फार थोड्या आहेत.

मजुरी धान्यात मिळे. साध्या कामगाराला महिन्याला साडेपाच पोती गहू आणि जव. तांब्याच्या हिशेबात साधारण ११ देबेन (देबेन हे तांबं मोजायचं वजन, त्यातच वस्तूंच्या किमती ठरत). रंगवलेली शवपेटी २० ते ४० देबेनला जाई. त्यामुळे सरकारी काम सांभाळून शेजाऱ्यांच्या शवपेट्या रंगवणं हा चित्रकारांचा चांगला जोडधंदा होता. रामसेस तिसऱ्याच्या २९ व्या वर्षी शिधा थकला, तेव्हा सगळे काम टाकून निघाले आणि थुतमोस तिसरा या आधीच्या राजाच्या मंदिरामागे जाऊन बसले. आम्ही उपाशी आहोत, महिन्याचे अठरा दिवस उलटले, ही त्यांची तक्रार लेखनिकाने पपायरसवर नोंदवून ठेवली आहे.

हे कळल्यावर भिंतीवरची चित्रं वेगळी दिसू लागतात. चेहरा बाजूने, डोळा आणि खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने, अशा चित्रांना आपण ‘ताठर’ म्हणून मोकळे होतो. पण ती शिस्त ठरवून पाळलेली होती. आधी लाल रेषांची चौकट आखायची, उभ्या माणसाला तळव्यापासून कपाळावरच्या केसांपर्यंत १८ चौकोन द्यायचे. होरेमहेब राजाच्या अर्धवट राहिलेल्या थडग्यात लाल रेखाटनावर काळ्या शाईच्या दुरुस्त्या अजून स्पष्ट दिसतात.

आणि ही शिस्त सगळ्यांना सारखी लागू नव्हती. धान्याचा हिशेब ठेवणाऱ्या नेबामुन या मंदिर-लेखनिकाच्या थडग्यातलं मेजवानीचं चित्र पाहा, इ.स.पू. १३५० च्या सुमाराचं. पाहुणे नियमाप्रमाणे बाजूने बसलेत. खाली बसलेल्या वादक स्त्रियांपैकी दोघींचे चेहरे मात्र थेट आपल्याकडे वळलेत, केस विस्कटलेत, पायांचे तळवे दिसताहेत. शेजारी दोन नर्तकींची शरीरं एकमेकींवर आली आहेत. त्याच थडग्याच्या दुसऱ्या चित्रात नेबामुन पक्ष्यांची शिकार करतोय. त्याची बायको त्याच्यापेक्षा लहान, मुलगी त्याहून लहान. नियम मोडणं चित्रकाराला सहज जमत होतं, पण तशी मोकळीक त्याला खालच्या दर्जाच्या माणसांपुरतीच होती. मालक कायमचा तरुण आणि स्थिर राहायला हवा, कारण त्या प्रतिमेतच त्याला मरणानंतर जगायचं होतं. मला या चित्रांतली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते: समाजाची उतरंड इथे रेषेच्या वळणातही उतरली आहे.

देर अल-मदिनाच्या कपच्यांवर तर उंदरीणबाई ऐटीत बसली आहे आणि मांजर तिची चाकरी करतंय. राजाच्या थडग्यात देव रंगवणाऱ्या गावानेच हेही काढलं.

नेबामुनची चित्रं १८२० च्या दशकात भिंतीवरून कापून लंडनला नेली गेली. थडग्याची नेमकी जागा कुणी नोंदवली नाही आणि ते आजवर पुन्हा सापडलेलं नाही. त्यामुळे त्या वादक स्त्रिया दारातून येणाऱ्याच्या समोर होत्या की आतल्या कोपऱ्यात, नेबामुनच्या शेजारी कुणाला पुरलं होतं, हे प्रश्न चित्रांपुरता अभ्यास करून सुटत नाहीत.