थाळी वाजवून कानाची परीक्षा होत नाही

दोन वर्षांचं मूल बोलत नाही म्हटलं की पहिली तपासणी स्वयंपाकघरात होते. पाठीमागून थाळी वाजवायची. पोरगं वळलं की सगळे निर्धास्त: "ऐकू येतंय की! बाप पण उशिराच बोलला होता." जवळून वाजवलेली थाळी सहज ८० डेसिबलच्या वर जाते, शिवाय सावली दिसते, हादरा जाणवतो. मीटरभर अंतरावरून आपण बोलतो ते साधारण ६० डेसिबलला, आणि त्यातले स, श, फ तर फारच बारीक आणि वरच्या पट्टीतले. वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी असलेलं मूल बुलेटच्या धडधडीला वळतं, 'आ' ऐकतं, पण शब्दाचा निम्मा भाग त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

सहा महिन्यांचं बाळ आवाजाच्या दिशेनं मान वळवतं. दहाव्या महिन्यापर्यंत 'बाबाबा', 'दादादा' सुरू होतं, वर्षाच्या आसपास एखादा शब्द येतो आणि दोन वर्षांनी 'दूध दे' असे दोन शब्द जोडले जातात. पहिले काही महिने बहिरं बाळसुद्धा हुंकार देतं, म्हणून घरचे फसतात. यातला टप्पा चुकला तर आधी कान तपासायचे. जीभ चिकटलेली असली तर दूध ओढायला किंवा एखाद्या उच्चाराला अडचण येईल, पण त्यामुळे मूल बोलायचंच राहतं असं नाही.

तपासणी दोन प्रकारची. ओएई दोनचार मिनिटांत होते. आतल्या कानातल्या केसपेशी काम करतात का, तेवढंच ती सांगते. जन्मल्यावर काचेच्या पेटीत राहिलेल्या किंवा जास्त कावीळ झालेल्या बाळाची ओएई चांगली येऊनही कानाची नस गडबडलेली असू शकते. अशा बाळाला बेरा, म्हणजे कानापासून मेंदूपर्यंतच्या नसेची तपासणी, हवीच. बेरासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं, आणि तिथंच घोळ होतो. गडहिंग्लज-चंदगडहून एसटीनं यायचं, मूल वाटेत झोपायचं आणि कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या दारात टक्क जागं! त्या दिवशी त्याला पहाटे उठवा, वाटेत डुलकी लागू देऊ नका आणि दूध तपासणीच्या वेळेसाठी राखून ठेवा. झोपेचं औषध द्यायचं ठरलं असेल तर मात्र किती तास उपाशी ठेवायचं ते आधी विचारा. डोक्याला, कपाळाला तेल लावू नका, तेलकट कातडीवर तपासणीच्या चिकटवायच्या तारा (इलेक्ट्रोड) नीट बसत नाहीत. '९० डेसिबलला प्रतिसाद नाही' असा रिपोर्ट आला म्हणजे ऐकणं शून्य असं नव्हे. 'टक्-टक्' आवाजावर होणारी नेहमीची क्लिक बेरा मुख्यतः वरच्या पट्टीचं सांगते, खालच्या पट्टीत काही शिल्लक असू शकतं.

वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साचूनही ऐकू कमी येतं. ते बहुतेकदा तीन महिन्यांत ओसरतं. नाही ओसरलं तर कान-नाक-घसा डॉक्टर पडद्यात बारीक नळी बसवतात.

ऐकण्याचं मशीन (श्रवणयंत्र) लागलं की खरं काम सुरू होतं. ते मुलाच्या जागेपणी पूर्ण वेळ कानावर हवं. 'थेरपीला जाताना घालतो' म्हणणाऱ्यांचे पैसे वाया जातात. शिट्टी वाजत असेल तर बहुधा मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, सैल झालाय. कान वाढतो, त्यामुळे पहिल्या वर्षात दर एक-दोन महिन्यांनी नवा मोल्ड लागू शकतो. शिट्टी बंद करायला आवाज कमी करणं हा सगळ्यात वाईट उपाय. मोल्ड मशीनपासून सोडवून साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, नळीतला थेंब फुंकून काढा, रात्रभर वाळवा. मशीनला पाणी लावायचं नाही. जुलैत कोल्हापूरच्या दमट हवेत नळीत पाणी धरतं, आवाज येतो-जातो. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा, पण सेल काढून, कारण मशीनचा झिंक-एअर (हवा लागली की चालू होणारा) सेल कोरड्या हवेत लवकर वाळतो. नव्या सेलचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवा. सेलचा कप्पा मुलाला उघडता न येणारा, कुलपाचा घ्या. मुलानं सेल गिळला असा नुसता संशय आला तरी लगेच दवाखाना गाठा.

मशीन नीट चालतंय का बघायला रोज सकाळी, तोंड कागदाआड धरून, मीटरभरावरून सहा आवाज काढा: म, ऊ, आ, ई, श, स. लहान मूल नुसतं दचकलं, हसलं किंवा थांबलं तरी चालेल. काल 'स' ला वळलेलं मूल आज वळत नसेल तर आधी सेल बघा, मग नळी, मग मुलाची सर्दी.

अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलनं घटतो. म्हणून स्वयंपाकघरातून हाका मारण्यापेक्षा शेजारी बसा, टीव्ही बंद करा. ओरडू नका, ओरडण्यानं उच्चार बिघडतात. 'केळं पाहिजे का बिस्कीट?' असं विचारा आणि पाच-दहा सेकंद गप्प बसा. हे गप्प बसणंच मोठ्यांना सगळ्यात अवघड जातं. बोला घरच्याच कोल्हापुरीत. 'काय करालाईस रं?' यातही भाषा पुरेपूर आहे. खुणा केल्यानं बोलणं मागे पडत नाही.

तीव्र बहिरेपणात मशीनचा उपयोग होत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा) विचार पहिल्या वाढदिवसाच्या सुमारासच सुरू व्हावा. मेंदूज्वरानंतर ऐकू येईनासं झालं असेल तर घाई हवीच, कारण आतल्या कानात हाड धरू लागतं आणि इलेक्ट्रोड घालायला जागा उरत नाही. सरकारी मदतीची चौकशी अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे करा. हे पथक वर्षातून दोनदा येतं.

मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवं नाही. नवरा-बायको दोघांतही तोच सदोष जनुक लपलेला असेल तर प्रत्येक गरोदरपणात बहिरं मूल होण्याची शक्यता २५ टक्के, पहिलं मूल कसंही असो. अशा घरात पुढच्या बाळाची तपासणी पहिल्या महिन्यात आणि दोषाचं निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत उरकावं, म्हणजे सहाव्या महिन्याच्या आत मशीन कानावर येतं.